वन्समोअर न देणारं गाव

आम्ही ठाणेकर नाटकाच्या बाबतीत फार शहाणे होतो. इतके शहाणे, की त्या शहाणपणाने एका माणसाचं वाटोळं केलं, आणि तो माणूस माझा मावसभाऊ होता. मी हे म्हातारपणी लिहितो आहे म्हणून कुणी हळहळू नये. हळहळायची वेळ केव्हाच गेली. त्या काळी मी या प्रकरणावर पुष्कळ कागद खोट्याने भरले, तेव्हा निदान एक कागद खऱ्याने भरावा, एवढंच.

मी तेव्हा ठाण्याच्या कचेरीत नकला उतरवणारा कारकून होतो. दिवसभर दुसऱ्यांचे दावे सुवाच्य अक्षरात लिहायचे आणि संध्याकाळी तळ्याच्या पायऱ्यांवर बसून स्वतःचे दावे मोठ्याने मांडायचे, असा दिनक्रम. आमचे दावे नाटकाचे असत. संगीत नाटकं तेव्हा नुकती रुजत होती. पावसाळा सरला की एकेक कंपनी स्टेशनावर सामान उतरवी, खाडीच्या अंगाला मोकळ्या जागेत कनाती ठोकी, चार-सहा खेळ करी आणि पुढे कल्याणला जाई. कंपनी गावात असेपर्यंत आम्हाला घरचं जेवण गोड लागत नसे, आणि गेली की महिनाभर दुसरं काही बोलवत नसे.

आम्ही म्हणजे तिघे. एक मी. दुसरे इंग्रजी शाळेतले मास्तर. त्यांना नऊ रस तोंडपाठ, आणि दहावा रस म्हणजे स्वतःचा आवाज. तिसरा कोपरीचा एक ख्रिस्ती शेतकरी. भातशेती करी आणि त्यांच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आणि लग्नांत फिडल वाजवी. शिक्षण बेताचं, पण कान असा की गाणाऱ्याचा सूर केसभर उतरला तरी याच्या कपाळाला आठी पडलीच. मास्तर त्याला म्हणत, "तुला शास्त्र कळत नाही." तो म्हणे, "नाय कळत. पन खोटं कळतं." यावर मास्तर घसा खाकरून विषय बदलत.

कधीकधी चौथे एक येऊन बसत, कल्याणचे वकील. ठाण्याच्या कोर्टात काम आटोपून गाडीची वेळ होईपर्यंत ते आमच्या पायऱ्यांवर टेकत. डोक्यावर लालभडक पगडी, तोंडात पान, आणि नाटकातलं जे जे आम्हाला आवडे ते ते त्यांना नावडे. त्यांच्याशी भांडल्याशिवाय दिवस गेला तर आम्हाला चुकल्याचुकल्यासारखं होई.

आता ठाण्याची रीत सांगतो, कारण घोडं पेंड खातं ते तिथेच. पद आवडलं की लोक 'वन्समोअर' म्हणून ओरडत आणि नटाला ते पुन्हा म्हणावं लागे. शब्द इंग्रजी, पण ज्याला बाराखडी येत नसे तोसुद्धा तो खणखणीत म्हणे. कल्याणला तर ताळतंत्रच नव्हतं. तिथे एकदा राजाने बाण लागून गातगात प्राण सोडला, तर लोकांनी वन्समोअर दिला. मेलेला राजा उठला, मुकुट सरळ केला, पुन्हा गायला आणि पुन्हा मेला. तिसऱ्यांदाही मेला असता, पण पडदा ओढणाऱ्याला दया आली. हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. वकील म्हणत, "मग काय बिघडलं? आम्ही पैसे देऊन आलो होतो." मास्तरांनी त्या दिवसापासून कल्याणकरांना रसिक म्हणणं सोडलं. ते त्यांना गिऱ्हाईक म्हणत.

ठाण्यात मास्तरांनी वेगळी शिस्त लावली. विनोदाच्या पदाला द्या, शृंगाराच्याला द्या, वीराच्याला द्या. घसा फुटेस्तोवर द्या. पण करुण पद संपलं की तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. "जिचं पोर आत्ता हिरावून नेलं, त्या बाईला ऊठ आणि पुन्हा रड म्हणता? तुमच्या घरच्या बाईला म्हणाल?" असं ते विचारत. दोन-तीन वर्षांत सगळ्या तंबूने ही रीत उचलली. पद संपे, राणी भुईवर कोसळे, आणि मागच्या चटईवरच्या हमालापासून पुढच्या खुर्चीतल्या मुन्सफापर्यंत सगळे श्वास धरून बसत. दिव्यांच्या वाती चरचरत, तेवढाच आवाज. बाहेरगावचं कुणी अडाणी ओरडलंच तर चहूबाजूंनी 'शूऽऽ' होई. या गोष्टीचा आम्हाला केवढा माज होता म्हणून सांगू! जणू बोलता सगळ्यांनाच येतं, गप्प बसणं तेवढं ठाण्याने शोधून काढलं.

त्या राणीचं काम माझा मावसभाऊ करी. कल्याणच्या भिक्षुकाचा मुलगा. सोळाव्या वर्षी पोथ्या सोडून कंपनीबरोबर पळाला आणि बारा वर्षं नायिका करत राहिला. बाप त्या धक्क्यातून सावरला नाही. मावशी एकटीच कल्याणच्या घरात राही. हा गावी आला की कार्यात त्याचं पान पंगतीत न मांडता पडवीत मांडत. लुगडं नेसून गाणाऱ्याला शेजारी कोण घेणार? तो मुकाट्याने पडवीत जेवे आणि वर वाढणाऱ्याला म्हणे, "भात छान झालाय हं."

भाऊ म्हणून सांगत नाही, पण तसा नट मी पुन्हा पाहिला नाही. इतर नायिका रडायच्या तेव्हा ताना मारायच्या. हा शेवटच्या ओळीला आवाज जवळजवळ सोडून देई. वनात टाकलेली राणी, तिचं पोर शिपाई घेऊन जातात, आणि ती त्याच्या मागे धावत नाही. नुसती त्याचं अंगडं हातात धरून उभी राहते आणि गाते. कोपरीचा मित्र कधी कुणाची स्तुती करत नसे. या पदाला तो डोळे पुसायचा नाही, नाक पुसायचा आणि म्हणायचा, थंडी पडली बाबा.

ठाण्याचं गप्प बसणं माझ्या भावाला फार आवडे. "टाळ्या कुठेही मिळतात, दादा," तो मला म्हणाला होता. "पण मी रडतो तेव्हा ऐकणारं गाव एकच आहे." हे वाक्य मी ठाणंभर मिरवलं.

आणि मग त्या वर्षी ते पाच नावांचं खूळ निघालं. मुंबईच्या एका नाटकवेड्या शेटजींनी आमच्या साप्ताहिकात जाहीर केलं की, या मोसमात ठाण्या-कल्याणकडे खेळ करणाऱ्या तीन कंपन्यांमधून पाच नट निवडले जातील, त्यांना मुंबईस मानाने बोलावण्यात येईल आणि पाचांतल्या एकाला सोन्याचं कडं मिळेल. झालं! तळ्याच्या पायऱ्यांवर रोज पाच नावं लिहिली जाऊ लागली आणि रोज खोडली जाऊ लागली. मास्तर कोळशाने पायरीवरच लिहीत. कोपरीचा मित्र ओल्या पायाने पुसून टाकी.

"हा? अहो, हा तलवार धरतो की पदर सावरतो?"

"आणि तुमचा तो राजा! गाताना डोळे मिटतो ते पद संपल्यावर उघडायचे विसरतो. झोपतो की काय कोण जाणे!"

"विदूषकाला घ्यायचं का पण? पाचांत विदूषक?"

"का नको? हसवून दाखवा बघू तुम्ही एकदा."

वकिलांचं म्हणणं, घोड्यावाला येणारच. दुसऱ्या एका कंपनीतला नायक खरा घोडा घेऊन रंगभूमीवर येई. गळा यथातथाच, पण घोडा देखणा. कल्याणला त्याच्या प्रवेशाला पाच-पाच वन्समोअर पडत, आणि घोडा बिचारा पाच-पाचदा मागे जाऊन पुन्हा येई. "मग कडं घोड्याच्या पायात घालणार का?" मी विचारलं. पायऱ्यांवर हशा पिकला. माझ्या भावाचं नाव मात्र सगळ्यांच्या यादीत होतं, वकिलांच्यासुद्धा. पहिलं नाव कुणाचं यावर वाद नव्हताच. आम्ही भांडत होतो ते उरलेल्या चारांवर.

ठाण्यात राणीचा खेळ लागला त्या दिवशी दुपारी भाऊ माझ्या खोलीवर आला. केस वाढवलेले, मागे बुचडा, वर उपरणं गुंडाळलेलं. मी पोहे पुढे ठेवले, त्याने हात लावला नाही.

"दादा, माझा आवाज जाड व्हायला लागलाय," तो म्हणाला. "तुम्हाला अजून कळत नाही. मालकांना कळलंय. साताऱ्याकडचा एक नवा गडी आणून ठेवलाय त्यांनी. मला म्हणाले, पाचांत नाव आलं तर राणी तुझीच, तू आहेस तोवर. नाही आलं, तर तिचं लुगडं त्याला."

"पण तुझं नाव येणार नाही तर कुणाचं येणार?"

"शेटजींचा माणूस आज येणार आहे. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नाही. कुणाला कुठे किती वन्समोअर मिळाले, तेवढं सांगायचं, बाकी काही नाही. घोड्यावाल्या कंपनीकडून मालकांना समजलं. माझी चारही पदं रडायची आहेत, दादा. ठाण्यात मला एकही मिळायचा नाही. कल्याणला मिळतील, पण कल्याणचा आमचा खेळ नावं जाहीर झाल्यावर आहे." मग त्याने खाली बघून म्हटलं, "आज एकदा द्या. एकदाच. पुढे हवं तर जन्मभर गप्प बसा."

मला खरं काय वाटलं ते सांगतो. मला त्याची कीव आली नाही, लाज वाटली. बारा वर्षं राणी केलेला माणूस, आणि वन्समोअर मागायला घरी येतो! "बघतो," मी म्हणालो. तो उठला, दारात थांबला आणि म्हणाला, "आईला मी सांगून बसलोय, नाव येईल म्हणून."

मी मास्तरांकडे गेलो. कोपरीचा मित्र तिथेच होता. सगळं ऐकून मास्तर उभेच राहिले. "छट्! कला काय भीक मागते? आज एकाला दिला की उद्या सगळे मागतील. इतकी वर्षं घालवून गावाला ऐकायला शिकवलं, ते एका कड्यासाठी मोडायचं? आणि त्या माणसाला डोळे नाहीत? सगळा तंबू मुका होतो, हे त्याला दिसणार नाही?"

"त्याला दिसनार नाय," मित्र म्हणाला. "तो बोंब मोजायला आलाय, रडू नाय. अरे, तुमचं काय जातं? वरडा ना एकदा. त्याचं काम होतंय, तुमचं शास्त्र काय मरत नाय."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. भाऊ माझा; माझ्या शब्दाला वजन होतं. आणि मी, कर्म माझं, म्हणालो, "मास्तरांचं बरोबर आहे. तो या रीतीनेच मोठा झाला, या रीतीनेच निवडून येईल." बोलताना माझा ऊर भरून आला होता, इतका मी स्वतःवर खूश होतो. मित्र उठून कोपरीला निघून गेला.

कल्याणकरांना परतीची गाडी मिळावी म्हणून खेळ त्या दिवशी लवकर लागला. मास्तर आणि मी नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेत. मित्र आमच्याशेजारी नव्हता. मला वाटलं, रुसला. शेटजींचा माणूस बाजूच्या खुर्चीत बसला होता, तांबूस मिशांचा, सारखा जांभया देणारा. विदूषकाला तीन वन्समोअर पडले. राजाच्या शृंगाराच्या पदाला दोन. तेवढ्यापुरता तो माणूस जागा होई.

मग राणीचं शेवटचं पद आलं. भाऊ अंगडं हातात घेऊन उभा राहिला. आवाज खरंच थोडा जाड झाला होता. त्या दिवशी मला प्रथमच कळलं. पण त्या जाडपणाने पद आणखीच खाली, पोटात उतरलं. शेवटची ओळ त्याने गायली म्हणण्यापेक्षा सांगितली. तो खाली बसला. तंबू असा गप्प झाला की खाडीवरचा वारा कनातीला लागलेला कळे.

त्याची मान खाली होती. इतर वेळी तो तसाच पडदा पडेपर्यंत राही. त्या दिवशी त्याने मान थोडी वर केली आणि वाट पाहिली. मला दिसलं ते. माझ्या घशात शब्द आला होता, मी खोटं बोलणार नाही. जिभेपर्यंत आला होता.

तेवढ्यात मागून, पार चटयांच्या बाजूने, एक मोठा आवाज आला: "वन्समोअर!"

आणि मी गर्रकन वळलो, ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "शूऽऽ!"

कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. हात आपोआप वर गेला. सवय ती. माझ्यामागून मास्तर, मास्तरांमागून सगळा तंबू. मागच्या माणसाने आणखी एकदा ओरडून पाहिलं, पण त्या शूशूमध्ये त्याचा आवाज बुडून गेला. पडदा पडला.

दोन आठवड्यांनी साप्ताहिकात नावं छापून आली. मी रविवारी ते घेऊन कल्याणला मावशीकडे गेलो. वाटेत उघडलं नाही, इतकी मला खात्री होती. मावशीला वाचता येत नव्हतं. तिने हात धुतले, पदर सावरला आणि पाटावर बसली, जणू पोथी लागणार होती. मी वाचू लागलो. पहिलं घोड्यावाल्याचं. दुसरं विदूषकाचं. तिसरं, चौथं... पाचवं वाचताना माझा आवाज मलाच परका वाटला.

"हं," मावशी म्हणाली. "पुढे?"

"झालं, मावशी."

"पाच झाली?" तिने एकेक बोट दुमडत मनाशी ती पुन्हा मोजली. मग उठली आणि म्हणाली, "बस, भाकरी टाकते." तिने मला पुन्हा कधी त्याबद्दल विचारलं नाही, आणि मी गेलो की ती आधी साप्ताहिक हातात नाही ना ते बघे.

तळ्याच्या पायऱ्यांवर आग लागली होती. घोड्यावाला आहे आणि राणी नाही! तबल्यावर थाप पडल्यावर दोन मात्रा उशिरा येणारा तो राजासुद्धा आहे! मास्तर पायऱ्या वर-खाली करत होते. "पक्षपात! शुद्ध पक्षपात! वशिला लावलाय!" मी त्यांच्याहून वर आवाज काढत होतो. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, म्हणालो. शेटजींचा उद्धार केला, त्यांच्या माणसाच्या मिशांचा केला, घोड्याचाही केला. मनात एक कुसळ टोचत होतं. जितकं टोचे तितका मी मोठ्याने ओरडे.

वकील पान जुळवत शांतपणे म्हणाले, "अहो, चिडता कशाला? मी माझ्या यादीत त्याला पहिला घातला होता. पण शेटजींनी करावं काय? ठाण्याला आवडलं असतं तर ठाण्याने मागितलं नसतं?"

मी त्यांची पगडी उचलली आणि तळ्यात भिरकावली.

कशी ते मला माहीत नाही. पगडी थोडा वेळ लाल कमळासारखी तरंगली आणि मग एका बाजूने पाणी प्यायली. वकील उघड्या डोक्याने स्टेशनावर गेले. दुसऱ्या दिवशी मला त्यांची पायाशी वाकून माफी मागावी लागली आणि नवी पगडी घेऊन द्यावी लागली. पण त्या माफीनेही माझं तोंड बंद झालं नाही. मी साप्ताहिकात पत्रं लिहिली, एकामागून एक तीन, खाली सही 'एक निःपक्षपाती'. कचेरीतलं माझं सगळं कायद्याचं मराठी त्यात ओतलं. ठाण्याच्या अभिजात मौनाचा अर्थ ज्यांना कळत नाही त्यांनी कलेचा न्याय करू नये, असं लिहिलं. लोकांनी ती पत्रं पायऱ्यांवर मोठ्याने वाचली. मास्तरांनी मला मिठी मारली.

चौथ्या आठवड्यात शेटजींच्या माणसाचं उत्तर छापून आलं. फार लांब नव्हतं. आपणास गाण्यातले बारकावे कळत नाहीत हे कबूल, असं त्याने लिहिलं होतं. पण ठाण्याच्या खेळात राणीच्या एकाही पदास वन्समोअर मिळाला नाही. शेवटच्या पदास एका गृहस्थाने तो मोठ्याने दिला, दोनदा दिला. तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका सभ्य माणसाने मागे वळून त्यास गप्प केले व सर्व प्रेक्षकांनी त्यास साथ दिली. यावरून राणीचे काम ठाणेकरांस पसंत नाही, असा आपला समज झाला. चूक असल्यास क्षमा असावी.

मी ते पायरीवर बसून वाचलं. मास्तर म्हणाले, "मूर्ख आहे तो." पण आवाजात नेहमीचा दहावा रस नव्हता. कोपरीचा मित्र एका पायरीखाली पाण्यात पाय सोडून बसला होता. त्याला वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "ते दोनदा वरडनारा मी होतो."

"तू? तू होतास मागे?"

"म्हनून तर मागं बसलो. पुढं तुमच्यात बसलो असतो तर तुमी हात धरला असता." त्याने पाण्यातून पाय काढले. "तरी धरलाच."

मी त्याला म्हणालो, मला माहीत नव्हतं तू आहेस. तो म्हणाला, माहीत असतं तर शू केलं नसतंस काय? मी साप्ताहिकाची घडी घातली. तो त्यानंतर पायऱ्यांवर यायचा कमी झाला. मग यायचाच बंद झाला.

पुढच्या मोसमात तीच कंपनी, तेच नाटक. राणी साताऱ्याकडचा गडी. रंगाने गोरा, ताना भरपूर, बाकी सगळा आनंद. आणि ठाणं आता शहाणपण शिकलं होतं बरं का! पत्रव्यवहार सगळ्यांनी वाचला होता. आपल्या गप्प बसण्याने नटांचं नुकसान होतं, असं मास्तर स्वतः गावभर सांगत फिरले होते. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ते हेच. शेटजींनी यंदाही पाच नावं काढायचं ठरवलं होतं आणि त्यांचा तो तांबड्या मिशांचा माणूस यंदाही खुर्चीत बसला होता.

शेवटच्या पदाआधीच्या प्रवेशाला मी उठून पडद्यामागे गेलो. कनातीच्या आत भाऊ होता. कंपनीने त्याला ठेवून घेतला होता, नटांना लुगडी नेसवायला आणि दासीचं एक मुकं काम करायला. केस कापले होते. तोंडात टाचण्या धरून तो गुडघ्यांवर बसला होता आणि नव्या राणीच्या निऱ्या नीट करत होता. अंगडं शेजारीच घडी करून ठेवलेलं. राणी उभी झाली, त्याने अंगडं तिच्या हातात दिलं, कसं धरायचं ते दाखवलं, आणि ती रंगभूमीवर गेली.

आम्ही दोघे आत उभे राहिलो. मला पुष्कळ बोलायचं होतं. वर्षभर मी ते मनात लिहीत होतो. त्याने तोंडातल्या टाचण्या काढून एकेक करून उशीत खोचल्या.

बाहेर पद संपलं. क्षणाचाही वेळ न जाता सगळं ठाणं ओरडलं, "वन्समोअर!" राणी उठली, पुन्हा रडली. पुन्हा ओरडा. मास्तरांचा आवाज मला त्यात स्पष्ट ऐकू आला.

भाऊ कान देऊन ऐकत होता. शेवटच्या ओळीला तो गडी तान घेत होता, तिथे याचे ओठ हलले, पण तानेबरोबर नाही; त्याच्या जुन्या पद्धतीने.

"दादा," तो म्हणाला, "दिव्यांच्या उजेडात पहिली रांग वरून चांगली दिसते. तुम्हाला वाटतं, दिसत नाही." मग त्याने माझ्या खांद्यावरची नसलेली धूळ झटकली, लहानपणी मी त्याच्या झटकत असे तशी. "जा, बस जाऊन. तिसरा मागताहेत. आज तुझ्या जागेवर शू म्हणणारं कुणी नाही, तेवढं त्याचं नशीब."

मी बाहेर आलो आणि माझ्या जागेवर जाऊन बसलो. चौथ्यांदा पद चालू होतं. शेटजींचा माणूस खुर्चीत सरसावून बसला होता, चांगला जागा होता. पद संपलं तसं मास्तरांनी मला कोपराने ढोसलं, "अहो, द्या ना!" आणि मीही ओरडलो.